ऐरोलीच्या अभियंत्याला थेट लेफ्टनंट कर्नल करावे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईत ऐरोलीतील एका आयटी कंपनीत क्लाउड विभाग सांभाळणारे, चाळिशीला टेकलेले एक अभियंते विचारतात की, अमेरिकेच्या लष्कराने २०२५ मध्ये बड्या तंत्रज्ञान कंपन्यांतील चौघांना एका दिवसात लेफ्टनंट कर्नल केले. तसे आपल्याकडे का होत नाही, व्हावे का, आणि मोठा विभाग चालवणाऱ्या माणसाला लष्करातील नेतृत्व जमणार नाही असे धरून चालण्याचे कारण काय? मी सैन्याच्या दळणवळण शाखेत, सिग्नल कोअरमध्ये, अधिकारी होतो, निवृत्तीनंतर महापे–रबाळे पट्ट्यातील डेटा सेंटरांत काम केले आणि आता ठाण्यात राहून दोन्हीकडच्या तरुणांना जमेल तसा सल्ला देतो. उत्तर आधीच सांगतो: तंत्रज्ञांची लष्कराला गरज आहे, ती वाढत जाणार आहे, पण त्या गरजेचे उत्तर वरचा हुद्दा हे नाही. हुद्दा हुकूम देण्यासाठी असतो. तंत्रज्ञाला हवा असतो तो नकार देण्याचा अधिकार, आणि या दोन गोष्टींची गल्लत झाली की दोन्हीकडचे नुकसान होते.

आधी अमेरिकेत नेमके काय घडले ते पाहू, कारण व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मजकुरात बरीच भर पडलेली आहे. १३ जून २०२५ रोजी, अमेरिकी सैन्याच्या २५० व्या वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी, डेटा-विश्लेषणाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पॅलांटिरचे श्याम शंकर, मेटाचे अँड्र्यू बॉसवर्थ, ओपनएआयचे केविन वाइल आणि पूर्वी ओपनएआयमध्ये संशोधनप्रमुख असलेले बॉब मॅकग्रू या चौघांना राखीव दलात थेट लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा देण्यात आला. ज्या गटात ते दाखल झाले त्याचे नाव ‘डिटॅचमेंट २०१’. वेब सर्व्हरने नवी गोष्ट तयार केली की जो २०१ हा संकेतांक परत येतो, त्यावरून हे नाव आले, म्हणजे नाव ठेवणारा आपल्याच धंद्यातला होता हे उघड आहे. त्यांचे काम अर्धवेळ सल्ल्याचे, वर्षाकाठी सुमारे १२० तासांचे असेल असे तेव्हा सांगण्यात आले. त्यांच्या हाताखाली एखादी बटालियन दिलेली नाही. त्यामुळे ‘तंत्रज्ञांनी लष्कराचे नेतृत्व हाती घेतले’ हे वर्णन खरे नाही. नेतृत्वाचा हुद्दा दिला आणि काम सल्लागाराचे दिले, असे म्हणणे अचूक ठरेल.

आता आपल्याकडे या हुद्द्याचा अर्थ काय, ते पाहा. भारतीय सैन्यात लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती सेवेच्या वर्षांवर मिळते: दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. त्यापुढे कर्नल होऊन पलटणीची कमान मिळायची तर निवड मंडळातून जावे लागते, आणि तिथे बरेच चांगले अधिकारीही मागे राहतात. या तेरा वर्षांत त्या माणसाने तुकडी सांभाळलेली असते, कंपनी सांभाळलेली असते, स्टोअरचा चार्ज घेताना एकेक वस्तू मोजून सही केलेली असते, कोर्ट ऑफ इन्क्वायरीत बसून आपल्याच जवानाची चूक लेखी नोंदवलेली असते, एखाद्या जवानाच्या घरचा शेतीचा तंटा मिटावा म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिलेले असते. बाहेरून पाहणाऱ्याला खांद्यावरचे चिन्ह दिसते, पण पलटणीतला सुभेदार मेजर त्या चिन्हामागची वर्षे ओळखत असतो. तुमच्या कंपनीत बाहेरून व्हाइस प्रेसिडेंट आणता येतो, कारण तिथे पदामागे बजेट आणि अप्रेझल असते. पलटणीत पदामागे काय असते, ते एका प्रसंगाच्या तपशिलातून सांगतो.

ठाणे–बेलापूर रस्त्यावर पावसाळ्यात फायबर तुटणे ही आपल्या धंद्यातली नित्याची गोष्ट आहे. कुठल्या तरी खात्याचा जेसीबी खोदतो, लिंक जाते, रात्री दोन वाजता सगळ्यांना जोडणारा ब्रिज कॉल सुरू होतो, ओटीडीआर हे मोजणीचे यंत्र लावले की तुटलेली जागा किती मीटरवर आहे ते कळते आणि कंत्राटदाराची माणसे ताडपत्रीखाली बसून स्प्लाइसिंग म्हणजे फायबरची जोडणी करतात. खड्ड्यात पाणी भरले आहे, पंप आल्याशिवाय उतरणार नाही असे त्या माणसांनी सांगितले, तर तुमच्या हातात काय असते? वरपर्यंत तक्रार नेणे म्हणजे एस्कलेशन, सेवा-करारातला (एसएलएमधला) दंड आणि दुसऱ्या मार्गाने ट्रॅफिक वळवण्याची सोय. त्या माणसाला तुम्ही उतरायला लावू शकत नाही, आणि लावूही नये.

आघाडीवरच्या चौकीकडे जाणारी टेलिफोन लाइन तोफमाऱ्यात तुटते, तेव्हा लाइन पार्टी निघते. दोन-तीन जवान, टेस्ट फोन, जोडणीचे सामान, जादा केबल. अंधारात बॅटरी पेटवायची नसते, म्हणून केबल हातातून सरकवत तुटलेले टोक सापडेपर्यंत चालायचे, दुसरे टोक शोधायचे, जोडायचे, दोन्ही बाजूंना आवाज येतो का ते पाहायचे आणि परत फिरायचे. पुन्हा मारा झाला तर पुन्हा जायचे. इथे तांत्रिक काम अगदी साधे आहे. अवघड काम त्या अधिकाऱ्याचे आहे, ज्याला ‘आज कोण जाणार’ हे ठरवायचे असते. कालही हाच हवालदार गेला होता का, नवा मुलगा वाट चुकेल का, रेडिओवर भागेल का, की लाइन आत्ताच हवी? तो नाव घेतो आणि ते जवान उठतात. त्यांच्या उठण्यामागे कायदा आहेच. १९५० च्या सेना अधिनियमात वरिष्ठाचा हुकूम मोडल्यास १४ वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. पण कोणी कलम आठवून उठत नाही. हा साहेब स्वतः त्या वाटेने गेलेला आहे, उगाच पाठवणार नाही, आणि काही झाले तर घरच्यांना वाऱ्यावर सोडणार नाही, याची खात्री वर्षानुवर्षांच्या सहवासातून आलेली असते. नव्वद दिवसांच्या नोटीस पीरियडवर माणसे सांभाळण्याचा अनुभव मोठा असला, तरी तो या अनुभवाच्या जागी चालत नाही. आपल्या क्षेत्रातील व्यवस्थापकाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. इथे अधिकाराची जातच वेगळी आहे, एवढेच म्हणणे आहे.

मग तंत्रज्ञाची गरज कुठे आहे? माझ्या मते ती खरेदी, चाचणी आणि स्वीकृती या तीन टेबलांवर सर्वाधिक आहे आणि या बाबतीत मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण चर्चा नेहमी ड्रोन आणि सायबर हल्ल्यांच्या रोमहर्षक गोष्टींवर जाते आणि हे टेबल कोणाला दिसत नाही.

लष्कराला एखादी प्रणाली हवी असली की आधी तिच्या गुणात्मक गरजांचा दस्तऐवज तयार होतो, त्याला जीएसक्यूआर म्हणतात. तोफेसाठी ही पद्धत योग्य आहे, कारण तोफेची लांबी, पल्ला, वजन ही आधी ठरवता येणारी परिमाणे आहेत. सॉफ्टवेअरचे तसे नसते. गरज लिहिल्यापासून करार होईपर्यंत जो काळ जातो, त्यात ज्या लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) प्रणाली उभी करायची ती कालबाह्य झालेली असू शकते. शिवाय स्वीकृतीच्या दिवशी सर्व चाचण्या उत्तीर्ण झालेले सॉफ्टवेअर पुढे पॅच कोण करणार, सोर्स कोड कोणाकडे राहणार, इंटरनेटशी न जोडलेल्या जाळ्यावर अपडेट कसे पोहोचणार, पुरवठादार उद्या बंद पडला तर काय, हे प्रश्न निविदेत नेमके आणि बोचरे लिहावे लागतात. ते लिहायला अशा प्रणाल्या चालवताना रात्री जागलेला माणूस लागतो. विक्रेत्याच्या सादरीकरणात ‘एआय आधारित’ अशी पाटी लावलेली गोष्ट प्रत्यक्षात चार नियमांची कोष्टके आहेत, हे पंधरा मिनिटांत ओळखणारी माणसे वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत कितीतरी आहेत.

सैन्यात असे अधिकारी नाहीत असा याचा अर्थ नाही. महूच्या मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगमधून आणि आयआयटींमधून शिकून आलेले उत्तम अधिकारी आहेत. अडचण त्यांच्या बदलीची आहे. दोन-तीन वर्षांत विषय हाती येतो न येतो तोच पोस्टिंगचा आदेश येतो, आणि तो अधिकारी सीमेवरच्या युनिटमध्ये जातो. ते जाणे त्याच्या बढतीसाठी आवश्यकच असते. विक्रेत्याच्या बाजूला मात्र तोच माणूस दहा वर्षे बसलेला असतो. कराराच्या टेबलावर एका बाजूला दहा वर्षांची आठवण आणि दुसऱ्या बाजूला हस्तांतरणाची फाइल असा सामना असेल, तर निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी नको. २०१६ मध्ये आर्मी डिझाइन ब्युरो स्थापन झाला, २०१८ मध्ये संरक्षणातील नवकल्पनांसाठी आयडेक्स योजना सुरू झाली आणि नवउद्योगांना दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदानाची वाट खुली झाली. पुढे आयडेक्स प्राइममध्ये दहा कोटी आणि अदिती योजनेत पंचवीस कोटींपर्यंत मर्यादा गेली. ही पावले योग्य दिशेची आहेत, पण ती वस्तू बनवणाऱ्यासाठी आहेत. बनवलेली वस्तू तपासून ‘हे घेऊ नका’ असे सांगणारा आणि ज्याचे म्हणणे फाइलवर लेखी राहील असा, पाच-सात वर्षे एका जागी टिकणारा तंत्रज्ञ कुठे बसवायचा, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

त्या खुर्चीसाठी गणवेश लागतो का? इतिहास पाहिला तर अनेकदा लागलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संकेतलिपी फोडणारा अॅलन ट्युरिंग नागरीच होता. आपल्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे नेतृत्व करणारे डॉ. कलाम डीआरडीओचे शास्त्रज्ञ होते. १९९८ मध्ये पोखरणला त्यांनी लष्करी गणवेश घातला आणि ‘मेजर जनरल पृथ्वीराज’ हे सांकेतिक नावही घेतले, पण ते परकीय उपग्रहांच्या नजरेतून सुटण्यासाठी. गणवेशाचा इतका प्रामाणिक उपयोग मला दुसरा माहीत नाही.

ज्यांनी खरोखर गणवेश घातला त्यांच्यातही दोन प्रकार दिसतात. जनरल मोटर्सचे अध्यक्ष राहिलेले विल्यम नुडसन यांना जानेवारी १९४२ मध्ये थेट लेफ्टनंट जनरल करण्यात आले. थेट वरच्या हुद्द्याचे समर्थक हे उदाहरण हमखास देतात. पण त्याआधीच, १९४० मध्ये, त्यांनी कंपनी सोडली होती आणि नाममात्र एक डॉलर वेतनावर ते सरकारी काम करत होते, हे सांगायचे राहून जाते. शिवाय त्यांना दिलेले काम कारखान्यांच्या उत्पादनाचे होते, म्हणजे जे त्यांना येत होते तेच. दुसरे उदाहरण ग्रेस हॉपर यांचे. गणिताच्या प्राध्यापिका असताना १९४३ मध्ये त्या अमेरिकी नौदलाच्या राखीव दलात गेल्या, प्रशिक्षण पूर्ण केले, लेफ्टनंट ज्युनिअर ग्रेड या खालच्या हुद्द्यावर रुजू झाल्या, हार्वर्डच्या मार्क १ संगणकावर काम केले, आणि १९८६ मध्ये ७९ व्या वर्षी रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. कोबोल या संगणकभाषेच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा आहे हे तुमच्यापैकी बँकांची कामे केलेल्यांना सांगायला नको. एकाने कंपनी सोडली, दुसरीने खालून सुरुवात केली. दोघांनीही काहीतरी किंमत मोजली.

डिटॅचमेंट २०१ बद्दल माझा आक्षेप इथे येतो, आणि तो लष्करी शिष्टाचाराचा नाही, हितसंबंधांचा आहे. हुद्दा मिळाला तेव्हा शंकर, बॉसवर्थ आणि वाइल यांच्या कंपन्यांतील जबाबदाऱ्या कायम होत्या. त्यानंतर तीनच दिवसांनी ओपनएआयला अमेरिकी संरक्षण खात्याचा २० कोटी डॉलरपर्यंतचा करार जाहीर झाला. त्याच उन्हाळ्यात पॅलांटिरशी अमेरिकी सैन्याने दहा वर्षांत १००० कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकणारा एकत्रित करार केला. या करारांत या व्यक्तींचा हात होता असे मी अजिबात म्हणत नाही. पण खरेदी समितीतल्या एखाद्या मेजरसमोर उद्या अशा कंपनीचा प्रस्ताव आला आणि त्या कंपनीचा मुख्य तंत्रज्ञान अधिकारी आपल्याच सैन्यात आपल्यापेक्षा वरिष्ठ आहे हे त्याला ठाऊक असेल, तर त्याच्या लेखणीवर दडपण येणार नाही असे मानणे भाबडेपणाचे होईल. हेच चौघे नागरी सल्लागार असते, तर तो मेजर त्यांच्याशी मोकळेपणाने वाद घालू शकला असता. म्हणजे ज्या टेबलावर तंत्रज्ञाचा सर्वाधिक उपयोग आहे, तिथेच त्याचा वरचा हुद्दा अडचणीचा ठरतो.

आपल्याकडे बाहेरच्या तज्ज्ञाला थोड्या वरच्या हुद्द्यावर घेण्याची प्रथा मुळीच नाही, असे मात्र नाही. लष्करी वैद्यकीय सेवेत एमबीबीएस डॉक्टर कॅप्टन म्हणून रुजू होतो आणि त्यावर कोणी नाक मुरडत नाही. कारण तो जवानांवर उपचार करतो, पायदळाची पलटण चालवत नाही, आणि पूर्णवेळ सैन्याचाच असतो. तंत्रज्ञांसाठी उद्या अशी वेगळी शाखा निघाली, हुद्दा कॅप्टनचा, कमान फक्त आपल्या शाखेतली आणि खासगी नोकरी सोडण्याची अट, तर मी तिचे स्वागत करीन.

प्रादेशिक सेनेतही अशी वाट जुनी आहे. नोकरी-धंदा सांभाळून अर्धवेळ सेवा देणाऱ्यांची ही सेना १९४८ च्या कायद्याने उभी राहिली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ऑइल अशा संस्थांतील कर्मचाऱ्यांची तिच्यात विभागीय युनिट्स उभी राहिली. संकटात तेलपुरवठा किंवा रेल्वे चालू ठेवणे हे त्यांचे काम. ज्याला जे येते तेच त्याने गणवेशात करावे, ही त्यामागची कल्पना मला फार समंजस वाटते. ऐरोली, रबाळे, महापे इथली डेटा सेंटरे आणि तुर्भ्यापर्यंतचे फायबरचे जाळे पाहिले, तर तेल शुद्धीकरण कारखान्याइतकेच तेही मोक्याचे झाले आहे. युद्धकाळात ते चालू ठेवण्यासाठी असे विभागीय युनिट असावे, असे माझे मत आहे. त्यात अनुभवी नेटवर्क अभियंत्याला आपल्याच कामाची कमान मिळू शकेल.

आता तुमच्यापुरते. नियमित सैन्यात अभियंत्यांसाठी असलेल्या शॉर्ट सर्व्हिस टेक्निकल प्रवेशाची वयोमर्यादा २० ते २७ आहे, तेव्हा ती वाट तुमच्यासाठी बंद आहे. प्रादेशिक सेनेच्या अधिकारीपदासाठी १८ ते ४२ वय, पदवी आणि स्वतःचे उत्पन्नाचे साधन लागते. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाने ही वाट महिलांनाही खुली झाली, हे तुमच्या विभागातील सहकाऱ्यांना सांगा. आधी लेखी परीक्षा, मग प्राथमिक मुलाखत, मग एसएसबी म्हणजे सेवा निवड मंडळ, मग वैद्यकीय तपासणी. जागा मोजक्या असतात. निवड झालीच तर हुद्दा लेफ्टनंट. धोनी २०११ मध्ये या सेनेत लेफ्टनंट कर्नल झाला हे खरे, पण तो मानद हुद्दा आहे. तो आणि परीक्षा देऊन मिळालेले कमिशन यांची तुलना करू नका.

आणि एक स्पष्ट सांगतो. तिथे गेलात तर बहुधा पायदळाच्या बटालियनमध्ये जाल. तुमचा वरिष्ठ तुमच्याहून सात-आठ वर्षांनी लहान असू शकेल, तुमच्या क्लाउड प्रमाणपत्रांविषयी कोणी विचारणार नाही, आणि बोलावणे आले तर ते कागदावरचे नसते. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेच्या अधिकाऱ्यांना आणि जवानांना बोलावण्याचे अधिकार दिले आणि ३२ पैकी १४ पायदळ बटालियन तैनात करण्यास मान्यता दिली, तेव्हा कित्येकांना चालू नोकरीतून उठून जावे लागले असेल. तुम्हाला माणसांचे नेतृत्व करायचे असेल, तर ही वाट खरी आहे आणि चाळिशीतही ती माणसाला घडवते. तुम्हाला तंत्रज्ञानाचा उपयोग करून द्यायचा असेल, तर मात्र ती वाट चुकीची आहे. त्यासाठी आयडेक्सच्या आव्हानांत उतरणाऱ्या एखाद्या लहान कंपनीला तांत्रिक बाजूने हात द्या, किंवा डीआरडीओच्या तंत्रज्ञान विकास निधीतून चालणाऱ्या प्रकल्पात जा. तिथे मान कमी मिळेल, काम जास्त होईल.

दोन्हींपैकी काहीही ठरवण्याआधी कंपनीशी झालेला करार काढून वाचा. दुहेरी कामाला मनाई करणारे कलम बहुतेक करारांत असते. वर्षातून दोन महिन्यांपर्यंतच्या कॅम्पसाठी रजा कशी मिळेल, ती पगारी असेल का, आणि दीर्घकाळ बोलावणे आल्यास जागा राखली जाईल का, हे एचआरला ईमेलने विचारा आणि उत्तरही ईमेलनेच घ्या. तुमचा विभाग परदेशी ग्राहकाचे काम करत असेल, तर त्या ग्राहकाच्या करारातील सुरक्षा-अटीही पाहून घ्या. तुमची कंपनी संरक्षण खात्याला काही विकत असेल किंवा विकू पाहत असेल, तर ती गोष्ट एसएसबीच्या मुलाखतीत कोणी विचारण्याची वाट पाहू नका. अर्जाच्या टप्प्यावरच लेखी कळवा.